टपाल आधी, माल नंतर

शनिवार, १४ मार्च
जहाजी टपाल खिडकी

कप्तान,

आशीर्वाद आहेतच, थोरल्या बहिणीचा तो नाइलाज असतो. पण गेल्या दोन वर्षांत ते कागदावर लिहिले नाहीत, आजही लिहीत नाही. हे कामाचं पत्र आहे. लाँचवाल्या भोंग्याच्या हाती तुझ्या जहाजावर पाठवते आहे. ताईंनी भावाला पत्र लिहिलं, हे तो वाटेत साऱ्या बंदराला ओरडून सांगेल. तुझ्या खलाशांनी विचारलं तर सांग, टपालघर बॉयलरच्या दुरुस्तीची चौकशी करतंय.

तर विचारायचं ते असं. मंगळवारी, तीन तारखेला, तू बेटावरून आलास. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी टपालाची पेटी माझ्या खिडकीवर ठेवलीस. मी मोजली, एक्केचाळीस पत्रं भरली. मालाविषयीची सहा पत्रं तू स्वतःजवळ ठेवलीस. तेवढी सूट कायदा देतो, आणि तू त्यांची यादीही दिलीस. मग छापील कागदावर सही केलीस. त्यावर काय छापलंय ते तू कधी वाचलं असशील असं वाटत नाही, म्हणून इथे उतरवते: ‘माझ्या व माझ्या माणसांच्या ताब्यात असलेली सर्व पत्रं मी या टपालघरात दिली आहेत. कायद्यानं सूट असलेल्यांखेरीज एकही राखून ठेवलेलं नाही.’ मी शिक्का मारून पावती दिली, ती दाखवून तू कस्टमवाल्यांकडून कोठाराची झाकणं उघडून घेतलीस. टपाल आधी, माल नंतर. माझ्या शिक्क्याशिवाय या बंदरात कुणाचं पोतंही हलत नाही, आणि हे बावीस वर्षं चाललंय.

त्या वेळी तू म्हणालास, ‘मोजून घ्या.’ मी म्हणाले, ‘पुढचे.’ सख्ख्या भावंडांचं एवढंच बोलणं झालं.

आज बेटावरच्या दगडखाणीच्या दवाखान्यातली नर्स खिडकीवर आली. सुट्टीसाठी ती तुझ्याच जहाजानं आली होती म्हणे. तिकिटं घेता घेता मला म्हणाली, ‘काय ताई, मुलाचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला असेल ना?’

मी म्हटलं, ‘कुठलं पत्र?’

तर तिनं सांगितलं की, जहाज सुटायच्या दिवशी बेटाच्या धक्क्यावर माझ्या मुलानं तुझ्या हातात एक लिफाफा दिला. तिनं हे स्वतः पाहिलं. तो तू पेटीत टाकला नाहीस. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलास आणि वरून बटण लावलंस.

माझा मुलगा म्हणजे तोच, ज्याला तू मला न विचारता जहाजावर घेतलंस आणि त्या बेटावर नेऊन सोडलंस. दोन वर्षांत त्याची मला एक ओळ नाही. आणि ती आली तर मामाच्या खिशात जाऊन बसली!

मी अजून आरोप करत नाही, फक्त विचारते आहे. उत्तर लेखी हवं.

ताई

ता. क. पत्र आमच्याकडेच राहिलं असेल, असं म्हणायचा बेत असेल तर सोडून दे. आलेलं टपाल आमच्याकडून त्याच दिवशी वाटलं जातं. माझ्या टेबलावर संध्याकाळी उरतो तो फक्त तक्रारींचा डबा. पूर्वी त्यात बिस्किटं असायची, आता लोकांची बोंबाबोंब असते. तो महिनाअखेरीला साहेबांसमोर उघडायचा, हा नियम मीच करून घेतलाय. रोज उघडला तर रोज भांडण, आणि मग टपाल कोण लावणार?


सोमवार, १६ मार्च

कप्तान,

लेखी उत्तर मागितलं होतं, तू भोंगा पाठवलास. धक्क्यावर मासळीची अर्धी गिऱ्हाइकं उभी, आणि हा लाँचमधूनच ओरडतोय, ‘ताई! कप्तान म्हणतात, दिलंय! मोजून दिलंय! तुम्हीच मोजून घेतलंय!’ लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.

म्हणून मी नोंदवही पुन्हा काढली आणि एक्केचाळीस ओळी बोट ठेवून वाचल्या. अडतीस पत्रं घरगुती, खाणीतल्या माणसांनी बायकांना, आयांना, भावांना लिहिलेली. तीन कचेरीची, त्यातलं एक खाणीच्या मुख्य ऑफिसचं, एक इस्पितळाचं, एक आमच्याच खिडकीच्या नावाचं, कुणाचं तरी पार्सल फुटलं असणार. माझ्या नावाचं, माझ्या घरच्या पत्त्याचं त्यात एकही नाही. माझ्या मुलाचं अक्षर मी अंधारातही ओळखीन, त्याचा ‘क’ पोट सुटल्यासारखा असतो. तसा ‘क’ त्या दिवशी माझ्या हाताखालून गेलेला नाही.

मग ‘दिलंय’ म्हणजे कुणाला दिलंय?

ज्याच्याजवळ खरं असतं तो चार वाक्यं तरी बोलतो. तू लहानपणी माझी कंपासपेटी समुद्रात टाकली होतीस, तेव्हाही असाच एक शब्द बोलून भिंतीकडे बघत बसला होतास. कुठेतरी पाणी मुरतंय. तुझं कोठार तीन तारखेलाच रिकामं झालं, बॉयलरची दुरुस्तीही कालच संपली, असं भोंगा सांगतो. एकवीसला तू पुन्हा बेटाकडे निघणार. म्हणजे माझ्याकडे पाच दिवस आहेत.

ताई


गुरुवार, १९ मार्च

बेटाच्या फेरीवरील जहाजाचे कप्तान यांना,

कळवण्यात येतं की, तीन मार्च रोजी आपण केलेल्या सहीबाबत या खिडकीनं बंदर अधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल केली आहे. टपालघरात द्यायचं पत्र जाणूनबुजून राखून ठेवणं आणि खोटी सही करणं, असे दोन आक्षेप आहेत. सुनावणी चार एप्रिलला होईल. तोवर आपल्या जहाजाला बंदर सोडता येणार नाही. आक्षेप खरे ठरल्यास आपला कप्तानीचा परवाना रद्द होऊ शकतो.

इथवर टाईप करून घेतलं. खालचं हातानं लिहिते आहे.

काल तू स्वतः खिडकीवर आलास. टोपी काढून उभा राहिलास, तेव्हा तुझे केस किती गेलेत ते दिसलं. मला वाटलं, आता कबूल करशील. तर म्हणालास, ‘ताई, मला एकवीसला निघू दे. तुझ्यासाठीच सांगतोय.’

‘का? एकवीसला काय आहे?’

‘ते मला सांगता येत नाही.’

‘का येत नाही?’

‘शब्द दिलाय.’

‘कुणाला?’

तू मागे वळून पाहिलंस. मागे तेलाच्या जहाजाचा कप्तान उभा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. तू पुन्हा म्हणालास, ‘अगं, तू नीट बघ ना एकदा. मी तुझ्याच हातात दिलंय. सगळ्यात वर ठेवलं होतं.’

मी नीट बघत नाही, असं मला! बावीस वर्षांत या खिडकीतून एक पोस्टकार्ड हरवलेलं नाही. तू निघून गेल्यावर माझ्या हातून शिक्का दोनदा उमटला. दुपारी मी अर्ज लिहिला.

आमचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘बाई, भाऊ आहे तुमचा. परवाना गेला तर खाईल काय?’

मी म्हटलं, ‘भाऊ आहे म्हणूनच. परका असता तर एकदा विचारून सोडून दिलं असतं.’ त्यांना ते उलटं वाटलं. मला अजूनही सरळच वाटतं. परक्यानं पत्र दाबलं तर तो आळस असतो, भावानं दाबलं तर त्याला कारण असतं. तुला माझा मुलगा तुझ्याकडेच ठेवायचाय. तुला मूल नाही, माझं तयार मिळालं.

हे लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

ताई


शुक्रवार, २७ मार्च

धाकट्या,

या खिडकीतून तुझं जहाज दिसतं. निघायची तारीख उलटून सहा दिवस झाले, ते नांगरावरच उभं आहे. तुझे खलाशी कपडे वाळत घालतात, पुन्हा काढतात. काल तू डेकवर खुर्ची टाकून बसला होतास, तोंड बंदराच्या तोंडाकडे. मी दुर्बिणीतून पाहिलं. दुर्बीण टपालघराची आहे, जहाजांचे झेंडे बघायला दिलेली. तिचा असा वापर करू नये.

भोंगा म्हणतो, कप्तान जेवत नाहीत नीट, रोज तारीख विचारतात. मी म्हटलं, ‘मनात चोर असला की असंच होतं.’ तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, ‘ताई, चोर दिसायला असे नसतात.’

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. सकाळी उठून ठरवलं, तुला एक गोष्ट सांगायची. बदल्यात काही मागत नाही.

मुलगा घर सोडून का गेला हे तुला त्यानं सांगितलं असेल. तू मला कधी विचारलं नाहीस, त्यावरूनच कळतं. मी सगळ्यांना सांगत आले की, नाविक शाळेचं त्याचं प्रवेशपत्र उशिरा आलं आणि शाळेची तारीख हुकली. टपालाला उशीर होतोच. टपालखात्यातली बाई सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार?

ते उशिरा आलं नव्हतं. बारा दिवस आधी आलं होतं. माझ्याच खिडकीवर आलं, मीच शिक्का मारला, मीच पर्समध्ये टाकलं आणि घरी नेलं. त्याचे वडील बुडाले तेव्हा तो चार वर्षांचा होता. मला त्याला समुद्रावर पाठवायचं नव्हतं. एक दिवस थांबू, मग देऊ, असं रोज म्हणत राहिले. तारीख उलटल्यावर देणार तरी काय तोंडानं? मग त्याला नोंदवहीत शिक्का सापडला. सुट्टीत मदतीला येऊन बसायचा ना इथे, नोंदवही वाचायला मीच शिकवली होती. त्यानं विचारलं, पत्र कुठाय? मी म्हटलं, फाडलं.

दुसऱ्या दिवशी तो तुझ्या जहाजावर होता.

म्हणून म्हणते, पत्र दाबलेलं माणूस कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. ते रोज तारीख बघतं आणि जेवत नाही. तुझ्यात मला तेच दिसतंय. चूक असेन तर सांग, पण या वेळी भोंग्याच्या तोंडून नको.

ताई


मंगळवार, ३१ मार्च

धाकट्या, माझ्या बाळा,

आज महिनाअखेर. चार वाजता साहेब माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, मी डबा उघडला. सात लिफाफे होते. ओलं पार्सल, फाटलेलं पार्सल, एका खलाशाला बायकोनं लिहिलेलं पत्र दुसऱ्याच खलाशाला गेलेलं. साहेब हसत होते. पाचवा लिफाफा खाकी, खाणीचा, टाईप केलेल्या पत्त्याचा. ‘जहाजी टपाल कारकून, बंदर टपालघर.’ वर तुझ्या फेरीचा तीन मार्चचा शिक्का, माझ्या हातचा, अगदी मधोमध मारलेला. खिडकीच्या नावाचं म्हणजे तक्रारच, असं धरून मीच तो न उघडता डब्यात टाकला होता.

तुला शब्दानं बांधलं होतं, मजकूर ठाऊक आहे की नाही कोण जाणे. म्हणून उतरवते.

‘जहाजी टपाल कारकून यांना,

‘हे पत्र मी आईच्या नावानं पाठवत नाही. आईच्या हाती पडलेलं पत्र पुढे कधी पोचेल ते सांगता येत नाही, याचा मला अनुभव आहे. कारकुनाच्या खिडकीवर आलेलं पत्र मात्र त्याच दिवशी पोचतं, असं सगळं बंदर म्हणतं, आणि मीही तिथे बसून तसंच पाहिलंय. माझा कारकुनावर विश्वास आहे. पत्ता टाईप केलाय, म्हणजे अक्षर बघून कुणी आधीच काही ठरवणार नाही.

‘आईला कृपया कळवावं की, २८ मार्चला इथून एक मोठं जहाज दक्षिणेला जातंय. त्यावर मला पाच वर्षांच्या कराराची नोकरी मिळतेय. मला जायची फारशी इच्छा नाही. मामा २५ च्या सुमाराला पुन्हा इथे येईल. त्याच्याबरोबर तिनं दोन ओळी पाठवल्या तर मी त्याच फेरीनं घरी येईन. माफी मागायला हवी असं नाही. नुसतं ये म्हटलं तरी चालेल. काहीच आलं नाही तर तिला बोलायचं नाही असं समजून मी सही करीन.

‘मामाला याबद्दल काही बोलायचं नाही असं बजावलंय. त्याच्या सांगण्यावरून लिहिलेलं मला नको. तिचं तिनं लिहावं.’

खाली सही, आणि सहीत तो पोट सुटलेला ‘क’.

साहेब वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसलाच नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, ‘बाई, अठ्ठावीस तर परवा होऊन गेली.’ परवाही नाही, तीन दिवस झाले. एवढी चूक मी त्यांची कधी दुरुस्त केल्याशिवाय राहिले नसते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक हसत हसत म्हणतात. मी तर वळसा घालून थांबले नाही. तू एकवीसला सुटला असतास तर पंचवीसला तिथे पोचला असतास. माझी चिठ्ठी नसती तरी तू स्वतः तिथे असतास, त्याला धरून ठेवलं असतंस, शब्द मोडला असतास. त्यासाठीच तू टोपी काढून उभा होतास ना? आणि मी जहाज अडवलं. बेटाला जाणारं एकच जहाज, आणि ते माझ्या सहीनं नांगरावर. आता अर्ज मागे घेतला तरी सुनावणीशिवाय ते सुटत नाही.

आतल्या खिशात का ठेवलंस तेही कळलं. हरवू नये म्हणून. बटणही त्यासाठीच.

मी रडले, साहेबांसमोर रडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी पंधरा मिनिटं बंद होती.

ताई


शनिवार, ४ एप्रिल

धाकट्या,

सकाळी सुनावणीत आपण एका बाकावर बसलो होतो, तरी हे पत्र लिहिते आहे. तोंडानं बोलायला गेले की माझ्याकडून ‘पुढचे’ एवढंच निघेल अशी भीती वाटते.

तू होतास म्हणून तुला माहीतच आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहू दे. मी उभी राहून सांगितलं की, कप्तानांनी एक्केचाळीस पत्रं दिली, एकही राखून ठेवलं नाही. ते पत्र माझ्या डब्यात अठ्ठावीस दिवस पडून होतं. बंदर अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कायदा कप्तानाला लागू आहे. तुम्हाला कुठलं कलम लावू?’ कायदा करणाऱ्यांनी सगळी कलमं खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिली. खिडकीच्या आत बसलेलं माणूस पत्र दाबेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मग त्यांनी तुला विचारलं, या बाईंविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का. तू उभा राहिलास, टोपी हातात फिरवलीस आणि म्हणालास, ‘असली तर खिडकीवर टाकीन साहेब. महिनाअखेरीला उघडतात.’

सगळे हसले. मी पण हसले, आणि मग हसू थांबवता येईना. दोन वर्षांनी तू माझी चेष्टा केलीस.

तुझ्या जहाजावरची बंदी उठली. उद्या निघ. माझी खिडकी गेली, खात्याची चौकशी संपेपर्यंत मला बंदर सोडून जायचं नाही असा हुकूम आहे. तू मोकळा आणि मी नांगरावर, बरोबरच झालं. नाहीतर प्रवासी म्हणून मीच आले असते, तुझ्या त्या तेलकट केबिनमध्ये उलट्या करत.

भोंग्याबरोबर एक लिफाफा पाठवते आहे. हो, चिकटवलेला आहे, तू उघडू नकोस, पण आत काय आहे ते सांगते. एका कागदावर एकच शब्द आहे, ‘ये.’ चार पानं लिहिली होती, ती नाही घातली. दुसरं आहे नाविक शाळेचं प्रवेशपत्र. मी त्याला फाडलं म्हणून सांगितलं होतं, फाडलं नव्हतं. कपाटात ब्लँकेटच्या घडीत होतं. आता त्याचा काही उपयोग नाही, ती शाळा त्या वर्षाची मुलं केव्हाच शिकवून मोकळी झाली. पण ते त्याच्या नावाचं आहे. त्याला मिळायला हवं.

आतल्या खिशात ठेव. बटण लाव.

तो बेटावर असेल तर त्याच्या हातात दे. नसेल, आणि तो नसेलच असं मी धरून चालले आहे, तर दक्षिणेला जाणारं पहिलं जहाज भेटेल त्याच्या कप्तानाकडे दे. तो कप्तान कोण, कसा, मला ठाऊक नसेल. तो ते पुढच्या बंदरात नेईल, कोठाराची झाकणं उघडायच्या आधी कुठल्यातरी खिडकीवर ठेवेल आणि म्हणेल, मोजून घ्या. तिथे कुणीतरी माझ्यासारखीच बसलेली असेल. तिनं ते कुठल्या डब्यात टाकू नये, एवढंच मी आता म्हणू शकते. जन्मभर मी कप्तानांवर संशय घेतला, आणि आता माझं सगळं त्यांच्या खिशावर अवलंबून आहे.

तुझ्याकडूनही मला पावती नको. तू दिलंस म्हणालास की दिलंस.

मघाशी रिकाम्या टेबलाचे खण साफ करताना एक कोरा छापील कागद सापडला, तुम्ही सही करता तो. ‘कप्तान’ खोडून मी माझं पद लिहिलं आणि साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवलाय. ते तो फाईलला लावतील की केरात टाकतील ते त्यांचं ते बघतील. तुला तोच मजकूर पाठवते, आणि वर लिहायचे राहिलेले आशीर्वाद खाली.

माझ्या ताब्यात असलेली सर्व पत्रं मी दिली आहेत. एकही राखून ठेवलेलं नाही.

आशीर्वाद.

तुझी ताई